सत्यभामेच्या नावाचा लॅपटॉप

२२ एप्रिल, बुधवार

पहिली आली ती कुंदाबाई. पाहुणे अजून फाट्यावर उतरले नव्हते, आणि ही बाई माझ्या ओसरीत पाय पसरून बसली होती. भिंतीला भिंत लागून घर आहे तिचं, माझ्या घरचं तिले माझ्याआधी कळते. म्हणे, "बाई, नागपूरचे लोक येऊन राहिले म्हणते तुमच्या घरी. पोरगी पाहाले येतात का?"

म्या म्हटलं, "पोरगी पाहाले येत असते तर तुले सकाळीच अंगण सारवाले बोलावली असती."

हसली, पण उठली नाई. पाहुणे पाहूनच जायचं होतं तिले. चहा पिली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, सुनेची दोन गाऱ्हाणी केली. मग गाडीचा आवाज आला तशी माझ्याही आधी दारात.

पाहुणे दोघं. पुष्पांजली नागपूरची, उंच पोरगी, बोलाले गोड, पायात बूट. हिमांशू आपल्या गोंदिया शहरातलाच, नोकरी नागपूरले. तो अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलते, शहरातल्या पोट्ट्यांची तशीच तऱ्हा. तो रात्री गोंदियाले आपल्या घरी जाईन आणि सकाळी परत येईन. पुष्पांजली आमच्याकडेच राहीन. दोघंही माझ्या नातीच्या ऑफिसातले.

भाग्यश्री माझ्या मुलाची मुलगी. तिचे मायबाप भिलाईले राहतात. गेल्या श्रावणात मी न्हाणीत पडली, गुडघा गेला, तेव्हापासून ती माझ्यापाशी आहे. नोकरी घरूनच करते, लॅपटॉपवर. साहेबानं सूट दिली. डायरीसुद्धा तिनंच आणून दिली, म्हणे आजी रोज चार ओळी लिही, हात आणि डोकं दोन्ही चालतात. मी चौथी शिकली. चार ओळीत माझं भागत नाई, हे तिले आता समजलं असन.

पाहुणे कायले आले तेही लिहून ठेवते. भाग्यश्रीनं तलावाच्या पाण्याचा प्रोग्राम केला आहे. उन्हाळी धानाले कोणत्या दिवशी कोणत्या गेटमधून पाणी सुटन, कोणाच्या बांधीची, म्हणजे धानाच्या तुकड्याची, पाळी, ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते. आमच्या गावच्या पाणी संस्थेत दिवाळीपासून चांगला चालते. पण सालेकश्याकडच्या संस्थेत टाकला तर चालत नाई. आणि नागपूरच्या ऑफिसात एक मशीन आहे, तिथं सगळ्यांचे प्रोग्राम बांधून त्यांचं पॅकेज होते, मग ते गावोगाव जाते. त्या मशीनवर आमचा प्रोग्राम बांधलाच जात नाई. फक्त आमच्या घरच्या लॅपटॉपवर बांधला जाते.

मले आधी तर अभिमानच वाटला. पण साहेबानं सांगितलं म्हणे, महिनाअखेरपर्यंत ऑफिसच्या मशीनवर बांधून दाखवा, नाई तर भाग्यश्रीनं नागपूरले येऊन बसावं. घरून काम बंद.

म्हणजे पोरगी जाईन. एवढं लिहून हात थांबला. मग उठून भात टाकला.

२३ एप्रिल, गुरुवार

आज मी हसून हसून दमली.

सकाळी तिघं ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले. योगराजचा फोन आला. योगराज म्हणजे त्या सालेकश्याकडच्या संस्थेचा सचिव, चांगला माणूस, पण फोनवर असा ओरडते जसं आपण जंगलापलीकडे उभे आहो. भाग्यश्रीनं त्याले मशीनवर काय लिहून आलं ते वाचाले लावलं. तो एकेक अक्षर वाचत गेला. मग थांबला आणि म्हणे, "मॅडम, हे सत्यभामा कोन व्हय? आमचं मशीन सत्यभामाचं फोल्डर शोधून राहिलं आणि नाई भेटत म्हनते. आमच्या गावात या नावाची बाईच नाई."

पुष्पांजली माझ्याकडे पाहे, हिमांशू माझ्याकडे पाहे. भाग्यश्रीनं कपाळाले हात लावला.

त्याचं असं झालं. लॅपटॉप नवा आला तेव्हा त्यानं विचारलं, मालकाचं नाव काय. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर आणला की त्यावर घरातल्या मोठ्या माणसाचं नाव रंगवतात. कुंदाबाईच्या ट्रॅक्टरवर तिच्या सासूचं नाव आहे, जन्मभर दोघी धड बोलल्या नाई तरी. तसं भाग्यश्रीनं लॅपटॉपले माझं नाव दिलं. तेव्हा म्या हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी थोडं त्या बटनांवर उडालं तर ही केवढी ओरडली होती. तर त्या लॅपटॉपात मालकाचं सामान ठेवायचं जे फोल्डर आहे, ते झालं सत्यभामेच्या नावाचं. आणि प्रोग्राम बांधताना तो पत्ता प्रोग्रामच्या पोटातच राहून गेला. आता जिथं टाकाल तिथं तो सत्यभामेले शोधते.

हिमांशू म्हणे, "आजी, आप तो फेमस हो गए. सालेकसा तक आपको ढूँढ रहे हैं."

म्या म्हटलं, "बाबू, पन्नास वर्षं या घरात राहिली, कोणी शोधलं नाई. आता शोधून राहिले तर त्याईले म्हणा चहाले या."

सगळे हसले. भाग्यश्री नाई हसली. डोळ्याखाली काळं झालं आहे तिच्या. म्या म्हटलं जागरण करत नको जाऊ, तर म्हणे, "जागरण कोठे करतो आजी, तुझे पाय चेपून झाले का मंग बसतो कामाले." मले वाईट नाई वाटलं, खरंच चेपते ती.

दुपारी नळावर चार बायकांना सांगून आली, का माझं नाव सालेकश्याच्या मशीनीत आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

ऊन असं का चिमण्याही बोलत नाई. वीज सकाळी गेली ती दुपारून आली. बिरसीच्या विमानतळाची शिकाऊ विमानं तेवढी डोक्यावरून घिरट्या घालत होती, त्याईले ऊन लागत नाई वाटते.

म्या हिमांशूले विचारलं, ऑफिसचं मशीन आमच्यावर काऊन रुसलं? तो बिचारा पंखा बंद, घाम गळून राहिला, तरी नीट सांगत बसला. मले जेवढं समजलं तेवढं लिहिते. दर मशीनले एक सूचना दिली असते, का इथला मालक कोण आणि त्याचं सामान कोणत्या फोल्डरात. त्या सूचनेचं नाव होम. त्याले लांबलचक इंग्रजी नाव आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, भाग्यश्रीनं लिहून दाखवलं म्हणून लिहिता आलं. प्रोग्राम ती सूचना वाचते आणि आपली चीजवस्त तिथं ठेवते. पण ऑफिसच्या त्या बांधणाऱ्या मशीनवर कोणीच राहत नाई. तिथं मुद्दाम ती सूचना अशी ठेवली आहे का सांगितलेलं फोल्डर अस्तित्वातच नाई. काऊन, तर कोण्या एकाच्या घरचं सामान चुकून पॅकेजात जाऊ नये.

"और हमारा प्रोग्राम बंधते-बंधते बोलता है, मुझे घर में फाइल लिखनी है," हिमांशू म्हणे. "घर है ही नहीं, तो वहीं बैठ गया."

मले त्या प्रोग्रामची दयाच आली.

संध्याकाळी त्यायनं एक तोड काढली. बांधायच्या आधी मशीनले सांगितलं, घे, हे रिकामं तात्पुरतं फोल्डर, यालेच होम समज, काम झाल्यावर मोडून टाक. आणि बांधला गेला! पुष्पांजलीनं भाग्यश्रीले मिठीच मारली. म्या लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. गुडघा म्हणे बस, मी म्हटलं आज नाई. हिमांशूनं आठ खाल्ले का दहा, मोजायचे नसतात पाहुण्यांचे.

२६ एप्रिल, रविवार

कालचा दिवस वाया गेला, म्हणून काल लिहिलं नाई.

योगराजनं नवं पॅकेज टाकलं आणि पुन्हा ओरडला. आता सत्यभामेले नाई शोधत, ते तात्पुरतं फोल्डर शोधते, जे ऑफिसच्या मशीननं कधीच मोडून टाकलं. पत्ता बदलला, रोग तोच. बांधतानाचा पत्ता पोटात घेऊनच बाहेर पडते पॅकेज.

खरं सांगते, माझं नाव गेलं तेही मले थोडं लागलं.

आज ओसरीत भांडणच झालं. हिमांशू म्हणे, "भाग्यश्री, इतका डोकं कायको खराब करती? पहलेवाला पॅकेज दे दे. हर गाव के कम्प्युटर पे सत्यभामा नाम का फोल्डर बना देते हैं. चल जाएगा. साब को बोलेंगे हो गया."

म्या म्हटलं, "हे बरं बोलला हा पोरगा."

गावोगाव माझ्या नावाचं फोल्डर! कोणाले नाई आवडणार?

पुष्पांजली म्हणाली, "आणि ऑफिसच्या मशीनवर कसं बांधणार? ते फोल्डर तिथं ठेवू देत नाहीत. मग प्रत्येक नवं गाव जोडताना, प्रत्येक दुरुस्तीला, हे पॅकेज जन्मभर भाग्यश्रीनंच या लॅपटॉपवर बांधायचं. दुसऱ्या कोणाला जमणारच नाही."

"तर बांधू दे ना," म्या म्हटलं. "ती इथंच आहे. कोठे जाते? उलट चांगलं झालं. तिच्याबिगर साहेबाचं पानही हलणार नाई, मंग तो काय बोलावन तिले नागपूरले?"

मले वाटलं मी फार शहाणपणाचं बोलली. हिमांशूनं टाळीसुद्धा दिली. पण भाग्यश्री माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. रागावून नाई. जशी ती लॅपटॉपात पाहते ना, कोठे चुकलं ते शोधताना, तशी.

मग म्हणे, "नाई. नीट करू."

"अरे पर टाइम किधर है?" हिमांशू म्हणे.

"जेवढा हाय तेवढ्यात करू. नाई झालं तर मी जातो नागपूरले, साहेबाच्या पुढ्यात बसतो. पण असं नाई बांधायचं."

एवढी हट्टी आपल्या आजोबांवर गेली. ते तलावाच्या पाळीवर उभे राहून गावाशी भांडायचे, पाळ जिथं फुटते तिथं माती टाकून भागत नाई, खालून दाबत आणली पाहिजे म्हणायचे. ह्यांचं ऐकाले लोक कंटाळायचे, आणि पावसाळ्यात ह्यांच्याच दारी यायचे.

पण मले भीती वाटून राहिली. सोपा रस्ता हाती होता.

२७ एप्रिल, सोमवार

आज दिवसभर लॅपटॉपची टकटक. मी दोनदा चहा दिला, एकदा ताक. कोणी वर पाहिलं नाई. मले असं घर भरलेलं असलं का थकवासुद्धा गोड लागते. नाई तर दुपारी या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणजे भाग्यश्री असते, पण ती कानात ते लावून कोणाशी तरी बोलत असते.

काय करून राहिले ते पुष्पांजलीनं सांगितलं. दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. बांधताना प्रोग्रामची परीक्षा घेतात, ती परीक्षा देताना त्याले कागद ठेवाले जागा पाहिजे, तेवढ्यापुरतं रिकामं फोल्डर द्यायचं, परीक्षा झाली का फेकून द्यायचं. पण त्याचा पत्ता प्रोग्रामनं लिहून ठेवायचा नाई. ज्या गावात प्रोग्राम चालू होईन, त्या गावच्या मशीनले त्या वेळी विचारायचं, बाबा, तुझ्याकडे मालकाचं फोल्डर कोणतं? ते सांगन तिथं ठेवायचं. योगराजच्या मशीनवर योगराजचं. आमच्या मशीनवर सत्यभामेचं.

म्हणजे माझं नाव आमच्या घरी राहते. म्या म्हटलं चालते.

खात्री कराले भाग्यश्रीनं लॅपटॉपवर एक नवा मालक बनवला, नाव दिलं पाहुणा, त्याच्या फोल्डरात काहीच नाई. त्याच्याकडून प्रोग्राम चालवला तर पुन्हा अडला! आता काऊन, तर दिवाळीत तिनं आपल्या तलावाच्या गेटची यादी हातानं दुरुस्त करून सत्यभामेच्या फोल्डरात ठेवली होती आणि विसरून गेली होती. प्रोग्राम इतके दिवस गुपचूप तीच वाचत होता. म्हणून आमच्याकडेच चालत होता. दर गावाची अशी यादी आता पॅकेजातच घातली.

"कित्ती सामान टाकून ठेवलं होतं मी इथं," भाग्यश्री म्हणाली. "मलेच माहीत नव्हतं."

म्या म्हटलं, घर म्हटलं का सामान साठतेच.

दुपारून घरामागच्या सांदवाडीत कढीपत्ता तोडाले गेली तर त्या दोघी पोरी चिंचेखाली बसून होत्या. मी आड होती. भाग्यश्री रडक्या आवाजात बोलून राहिली होती, "तसं नाही गं, प्रेम आहे तिचं. पण सकाळी उठल्यापासून... मला मीच सापडत नाही. तुझ्या रूमवर आले होते ना दोन दिवस, तेव्हा झोप लागली होती." पुष्पांजलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

उन्हाचा त्रास आहे, दुसरं काय. आमच्या मधल्या खोलीत वारा येत नाई. म्या लगेच तिची खाट ओसरीत काढाले लावली, माझ्या खाटेच्या बाजूले. आता लागन झोप.

२९ एप्रिल, बुधवार

झालं! झालं! झालं!

सकाळीच नागपूरच्या मशीननं बांधून दिलं. कोणाचं नाव नाई, कोणाचा पत्ता नाई. मग ते पॅकेज योगराजकडे गेलं. आम्ही सगळे फोनभोवती. योगराजनं बटन दाबलं. मग एकदम ओरडला, "चालू झाला! मॅडम, चालू झाला! रातच्याला कोनाची पाळी तेही दाखवून राहिला! माझ्या फोल्डरात पाहिलं, सारं तिथंच ठेवलं त्यानं." मागून कोणी म्हणे, "माझी पाळी का नाई दाखवत?" योगराज त्याले म्हणे, "तू पानीपट्टी भर, मंग दाखवन."

नंतर दुसऱ्या दोन गावांतूनही चालल्याचे फोन आले. मग साहेबाचा. भाग्यश्रीनं आवाज मोठा केला, मी ऐकावं म्हणून. साहेब म्हणाले, "छान काम. आता तू घरूनच कर, माझी काही हरकत नाही. तुला यायची गरज नाही."

माझे डोळे भरून आले. मी देवाले साखर ठेवली आणि तीच साखर सगळ्यांच्या हातावर. हिमांशू म्हणे, "आजी जीत गई!" कुंदाबाईही आली, भिंतीआडून सगळं ऐकलंच होतं तिनं.

पुष्पांजलीनं भाग्यश्रीचा हात धरला आणि म्हणाली, "आता तुझ्या या घरावर काहीच अडून नाही. कुठूनही होईल. तूच ठरव."

चांगलं बोलली पोरगी. आमच्या घरावर कोणाचा बोजा नको.

दुपारी मी पान वाढत होती तर भाग्यश्री जवळ आली. "आजी, ऐक ना."

"आधी जेव, झिंगे गरम आहेत."

"आजी, मले बोलायचं हाय तुझ्यासंगं."

"मंग रात्री बोल. पाहुण्यांपुढे काय बोलायचं? हिमांशूले भात वाढ."

रात्री मी थकून पडल्या पडल्या झोपली. एवढ्या पोळ्या खूप दिवसांनी लाटल्या.

१ मे, शुक्रवार

पाहुणे गेले. जाताना पुष्पांजलीनं वाकून नमस्कार केला, हिमांशूनं गुडघ्यालाच हात लावला, म्हणे, "इसको जल्दी ठीक करो, अगली बार नागरा मंदिर ले जाऊँगा आपको." म्या दोघांना तांदूळ दिला, हातसडीचा, आणि मोहाची फुलं दिली पुष्पांजलीच्या आईसाठी, तिनं कधी पाहिली नाई म्हणे.

"आता कधी येता?" म्या विचारलं.

पुष्पांजलीनं भाग्यश्रीकडे पाहिलं. "लवकरच येतो आजी. त्या वेळी मोठी गाडी आणू."

मोठी गाडी म्हणजे तांदूळ आवडला वाटते. म्या म्हटलं पोतं भरून ठेवते.

घर एकदम मोठं झालं. भाग्यश्री आज पुन्हा म्हणाली, "आजी, ऐक ना," आणि मी म्हटलं बोल, आणि तेवढ्यात कुंदाबाई विरजण मागाले आली. मग त्या दोघींची कुजबुज झाली मागच्या दारी. कुंदाबाई जाताना माझ्याशी नीट बोलली नाई.

४ मे, सोमवार

भाग्यश्रीनं सांगितलं एकदाचं. नागपूरले जाते म्हणे, पुष्पांजलीच्या खोलीवर. काम तिथून करन.

"साहेबानं तर सूट दिली," म्या म्हटलं.

"हो. त्यायनं नाई बोलावलं. मीच जातो म्हटलं."

"किती दिवस?"

"पाहू आजी. थोडे दिवस. मी येत जाईन."

म्या म्हटलं बरं. जवान पोरगी आहे, तिले थोडी हवा बदलाले पाहिजे. पंधरा दिवस राहीन, कंटाळन, येईन. नागपूरचं ऊन काय कमी आहे?

मग ती लॅपटॉप घेऊन माझ्या बाजूले बसली आणि म्हणे, "आजी, यात मी माझ्या नावाचा मालक बनवला. तुझ्या नावाचं फोल्डर तसंच ठेवलं, पुसलं नाई. आजोबांचे फोटो त्यात आहेत. पण आता मी काम माझ्या नावात करन." म्या म्हटलं कर. मालक जो काम करन त्याचा.

तिनं माझ्या गोळ्या डब्यात सकाळच्या आणि रात्रीच्या वेगळ्या करून ठेवल्या. मोबाइलवर तिचं तोंड कसं पाहायचं ते तीनदा शिकवलं. कुंदाबाईले सांगितलं, का रात्री आजीपाशी झोपाले येत जा. ती येते म्हणाली. एवढं सगळं पंधरा दिवसांसाठी! पोरगी काळजी फार करते.

६ मे, बुधवार

गुडघा दुखून राहिला. आज जास्त लिहिणार नाई.

भाग्यश्रीनं रजई धुतली. आपला लोकरीचा स्वेटरही. दोन्ही तारेवर वाळत होते, आणि ऊन असं का हात लावला तर चटका बसते. कुंदाबाई आली, तारेकडे पाहे, माझ्याकडे पाहे. "बाई," म्हणे, "मे महिन्यात रजई कायले धुवून राहिली ही? तुमाले काही समजते का नाई?"

म्या म्हटलं, "तिथं एसी असन. एसीत थंडी वाजते. तुले काय माहीत?"

कुंदाबाई उठून तारेपाशी गेली आणि रजई पलटून टाकली, दुसरी बाजू उन्हात यावी म्हणून. मीही उठली, काठी घेऊन. दोघींनी मिळून झटकली.

भाग्यश्री आत कपड्यांच्या घड्या घालून राहिली होती. तिच्या शाळेच्या प्रमाणपत्रांची फाइल पलंगावर होती. म्या विचारलं नाई. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ती खोटं बोलत नाई. म्हणूनच नाई विचारलं. म्या म्हटलं, "जवसाची चटणी करून देते, एवढी का पुष्पांजलीलेही पुरन." ती आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, बराच वेळ. तिले झोप लागली. गुडघ्यात कळ येत होती, पण म्या पाय हलवला नाई.

संध्याकाळी पुष्पांजलीचा फोन आला. येत्या रविवारी येऊन राहिले दोघं, दहा मे, सकाळच्या जेवणाआधी, मोठी गाडी घेऊन.